दोन बोटं, दोन पाचरी

“ओढू नका, मेस्त्री. हात सोडा. आधी हात सोडा.”

मॅडमांचा आवाज इतका बारीक निघाला, की मला वाटलं दुसरंच कोणीतरी बोलतंय. मी माझ्या पुढ्यातलं चुंबक दोन्ही हातांनी धरून मागं खेचत होतो आणि ते अडून बसलेल्या म्हशीसारखं जागचं हलत नव्हतं. म्हैस निदान शेपूट तरी हलवते. मी हात सोडले. तेव्हा कुठं मला नीट दिसलं. उरुणकर मॅडमांच्या डाव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि करंगळीच्या शेजारचं, दोन चुंबकांच्या फटीत उभी गेली होती. नखं खाली, आत. वर नुसती पेरं दिसत होती.

“मॅडम...”

“बोलू नका. मला श्वास घेऊ द्या.”

त्यांनी श्वास घेतला. सोडला. परत घेतला. कपाळावर घाम असा फुटला, जसं कुणी पाणी शिंपडलंय.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. कॉलेजला सुट्टी, सकाळचे साडेदहा, आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी भैरू सुतार. शिक्षण सातवी, ती पण मास्तरांच्या मेहरबानीनं. कागदावर मी परिचर होतो, पण हुद्दा कुणाच्या लक्षात नव्हता. टेबलाचा पाय मोडला, कपाटाचं दार अडलं, काचेच्या नळीला स्टँड पाहिजे, की “मेस्त्रीला बोलवा.” मागच्या खोलीत माझं ठोकळं होतं, म्हणजे काम करायचा जाड लाकडी ओंडका, आणि रंधे, करवती, पटाश्या. पगार कॉलेजचा आणि काम बापजाद्यांचं, असं माझं बरं चाललं होतं.

आणि उरुणकर मॅडम म्हणजे तिशीतली बाई, पुण्याहनं शिकून आलेली, तोंडानं फटकळ. पहिल्या आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, “मेस्त्री, तुम्ही विडी ओढता ती ओढा, पण माझ्या लॅबमध्ये ठिणगी पडली तर तुम्हालाच विझवायला लावीन, तोंडानं.” तेव्हापासनं आमचं जमलं.

त्यांनी एक यंत्र आणलं होतं. तांब्याचा पत्रा झोपाळ्यासारखा झुलवायचा आणि त्याच्याखाली ही दोन चुंबकं ठेवायची. हात न लावता झोपाळा जागच्या जागी थांबायचा. पोरं आ वासून बघायची. पहिल्या दिवशी मी पण वासला होता. ही चुंबकं म्हणजे खडूच्या फळ्यावर कागद चिकटवायची नव्हेत. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीएवढी एकेक, चांदीसारखी चकचकीत. पहिल्याच दिवशी एकानं माझ्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर खिशासकट नेला होता.

मॅडमांनी तेव्हाच धडा दिला. “ही दोन एकमेकांच्या जवळ आणायची नाहीत. आणि चिकटलीच, तर ओढायची नाहीत. ओढून माणूस दमतं, चुंबक दमत नाही. सरकवायची.” म्हणून मी सागवानाची लांब खोबण करून टेबलावर पक्की बसवून दिली होती. एक चुंबक खोबणीच्या टोकाला पितळेच्या स्क्रूनं पक्कं. दुसरं खोबणीतनं सरकवत त्याच्या शेजारी न्यायचं. दोन्हींच्या एका अंगाला मॅडमांनी नेलपॉलिशचं लाल टिंब दिलं होतं. दोन्ही टिंबं वर असली, की ती चुंबकं एकमेकांना ढकलतात. दोन जावा एका चुलीशी बसवाव्यात तशी. मग जोर लावून रेटायचं. मधी अंतर राहावं म्हणून पितळेची जाड पट्टी उभी धरायची. पट्टी मॅडम धरणार, रेटणार मी. चार वर्षं असंच करत होतो. वर्षातनं एकदा सगळं खोलायचं, चुंबकाला लागलेला लोखंडाचा कीस काढायचा, पुसायचं, परत बसवायचं.

त्या दिवशी पण मॅडमांनी पट्टी धरली आणि विचारलं, “लाल टिंब वर आहे ना?”

“वर आहे मॅडम.”

आणि मी रेटलं. रेटलं कसलं, रेटायची पाळीच आली नाही. ते माझ्या हातातनं सुटलं आणि गेलं. पट्टी तिरकी होऊन एका टोकाला अडकली, म्हणून बोटांचं पीठ झालं नाही. एवढंच नशीब.

“किती वाजले?” मॅडमांनी विचारलं.

“साडेदहाला दोन कमी.”

“लक्षात ठेवा. रक्त बंद झालंय बोटांचं. लवकर निघाली पाहिजेत, मेस्त्री. नाहीतर निघून उपयोग नाही.”

मी म्हणलं, “सरकवू का? खोबणीतनं?”

“सरकवलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.”

मला सांगायची गरज नव्हती. वरवंट्याखाली मिरची.

“दवाखान्यात?”

“टेबल जमिनीत ठोकलंय. ते कुणी ठोकलं?”

“मीच.”

“मग.”

मी खिडकीत गेलो आणि वॉचमनला हाक मारली. “अब्बासऽऽ! अब्बास, पळत ये! मॅडमांचा हात अडकलाय!”

अब्बास मुल्ला म्हणजे माझा लंगोटीयार. तरुणपणी कुस्त्या खेळलेला, मान अजून पायलीएवढी. तो गेटवरनं धावत सुटल्याचं मी बघितलं, पण हातात काय आहे ते काही दिसलं नाही. माझी हाक ऐकून वरच्या मजल्यावरनं घाटगे सर उतरले, आमचे हेड. सुट्टीचे पण येऊन बसायचे. ते लॅबच्या दारात आले आणि तिथंच थांबले. उंबऱ्याच्या आत पाय टाकायची त्यांना बंदी होती. त्यांच्या छातीत पेसमेकर होता, आणि असल्या चुंबकाजवळ गेला तर तो बिघडतो. मॅडमांनीच दारावर मोठ्या अक्षरात तशी पाटी लावली होती.

“शैलजा! काय झालं हे? भैरू, अरे बघत काय उभा राहिलास?”

“सर, आत येऊ नका,” मॅडम म्हणाल्या.

“मी येत नाही, पण कुणीतरी काहीतरी करा ना! चार पोरं बोलवू का होस्टेलवरनं? दोन इकडनं ओढतील, दोन तिकडनं.”

“सर, रस्सीखेच नाही ही.”

तेवढ्यात सरांना बाजूला सारून अब्बास आत घुसला. हातात पहार. बागेतली, पाच फुटी, निव्वळ लोखंड.

“सरक भैरू. एका दणक्यात उपसतो.”

“अब्बास! पहार!” मी ओरडलो. “थांब तिथंच!”

“अरं, कशाला थांबू?”

तो टेबलापासनं हातभर अंतरावर आला आणि पहारीचं टोक हातातल्या हातात वळलं. मी बघितलं, अब्बासनं पण बघितलं. त्याचे डोळे मोठे झाले. गड्यानं आयुष्यात कुणाला पहार ओढू दिली नसेल, पण ती त्याला ओढायला लागली. एवढं लोखंड चुंबकावर आदळलं असतं, तर मॅडमांच्या हाताचं काय झालं असतं ते मी अजूनही डोळ्यापुढं आणत नाही.

“मागं! मागं पड! पाय रोव!”

त्यानं पाय रोवले. दोन्ही हातांनी पहार छातीशी कवटाळली आणि एकेक पाऊल मागं गेला. दारापर्यंत जाऊन पहार बाहेर व्हरांड्यात फेकली. घाटगे सरांच्या पायाजवळ पडली ती, सर दोन फूट उडाले.

“या अल्ला,” अब्बास म्हणाला. “आत हाय तरी काय?”

“आता खिशातलं काढ सगळं. किल्ल्या, चाकू, कडं. सगळं.”

“आणि दात? एक दात पण पत्र्याचा हाय.”

मॅडम हसल्या. खरं सांगतो, हसल्या. लगेच हुंदका आला, पण आधी हसू आलं. “अब्बासभाई, दात राहू द्या.”

मी विचार करत होतो. लोखंड चालत नाही. ओढणं चालत नाही. सरकवणं चालत नाही. मग उरलं काय? फट मोठी करणं. एवढं तर मला येत होतं. लाकूड फाडताना माणूस दुसरं काय करतो? पाचर मारतो. मारत मारत फट उघडत नेतो.

“मॅडम, पाचर मारून बघतो. लाकडाची.”

“लाकूड चुरडेल मेस्त्री. कठीण पाहिजे.”

“कठीण आहे माझ्याकडं. दोन मिनिटं द्या.”

मागच्या खोलीत पळालो. ठोकळ्यावर झेंडूच्या माळा होत्या अजून. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मी तिथंच मांडली होती. आता पाचर तासत बसायला वेळ नव्हता, आणि सुतार असून माझ्या डोक्यात पटकन येत नव्हतं की पाचर माझ्या हाताशीच आहे. रंध्याचं पातं जागेवर धरून ठेवायला लाकडी पाचरच असते. माझ्याकडं दोन रंधे होते, एक माझा, एक आमच्या आबांचा. दोन्हींच्या पाचरी जुन्या शिसवाच्या, काचेसारख्या गुळगुळीत, टोकाला कागदाएवढ्या पातळ. मी दोन ठोके मारून दोन्ही उपसल्या. लाकडी मोगरी घेतली, बाभळीचा एक ठोकळा घेतला. बेसिनवरची साबणाची वडी आणि प्लास्टिकच्या मगात पाणी घेतलं आणि पळत आलो.

घाटगे सर दारातनं म्हणाले, “भैरू, हे काय? त्यापेक्षा मी फायर ब्रिगेडला फोन करतो.”

“करा सर,” मॅडम म्हणाल्या, “आणि सांगा, लोखंड न घेता या.”

सरांनी फोन केला नाही.

मी पाचरीला साबण लावला. पट्टी जिकडं अडकली होती तिकडं फट जरा मोठी होती, पाचर सहज बसत होती. तिकडंच लावली आणि मोगरीनं एक हलका ठोका दिला.

मॅडम ओरडल्या. त्या दिवशी पहिल्यांदा.

मी दगड झालो. अब्बासनं डोळे मिटले.

“दुसरं टोक,” मॅडम म्हणाल्या. दात आवळलेले, शब्द फटीतनं यावा तसा आला. “इकडनं उघडलं की तिकडनं मिटतं. बोटांवर तोललं जातंय.”

माझ्या मेल्याच्या ते लक्षात यायला पाहिजे होतं. जिथं फट दिसते तिथं पाचर घालायचा मोह, नवशिक्या पोराचा मोह. दार एका बिजागरीवर उघडावं तसं ते चुंबक एका अंगानं उघडत होतं आणि दुसऱ्या अंगानं चावत होतं. मी पाचर तिथंच धरून ठेवली. काढली असती तर परत आपटलं असतं.

“अब्बास, इकडं ये. ही दुसरी पाचर. हे टोक दिसतंय का? बोटांच्या पलीकडं? इथं लाव. आणि हा ठोकळा घे.”

“मी मारू?”

“दोघांनी मारायचं. एक माझा, एक तुझा. माझा झाला की तुझा. पण अब्बास...”

“काय?”

“कुस्ती न्हाई ही. नात झोपवतोस ना तू? तसं थोपटायचं.”

“माझी नात झोपत न्हाई, तिला हाणावं लागतं.”

“अब्बास!”

“थोपटतो रं. थोपटतो.”

त्याचे ते हात. माझ्या डोक्याएवढा पंजा. त्यानं ठोकळा असा धरला, जसं अंडं धरलंय. मी मोगरी उचलली. दुसऱ्या हातानं चुंबक स्थिर धरावं म्हणून अंगठा वरच्या अंगावर टेकवला. हाताला घाम होता. अंगठा जरा सरकला, आणि बघतो तर अंगठ्याला लाल.

मला वाटलं रक्त. मॅडमांचं रक्त वर आलं. मी अंगठा जवळ घेतला. रक्त नव्हतं.

कुंकू होतं.

नेलपॉलिश घामानं निघत नाही. कुंकू निघतं. सुट्टीआधी मॅडमांनी चुंबकं मला साफ करायला दिली होती, वेगवेगळ्या पेट्यांत. मी कणकेच्या गोळ्यानं कीस टिपला आणि मग, चकचकीत व्हावीत म्हणून, थिनरच्या फडक्यानं पुसली. थिनरनं टिंब गेलं, ते माझ्या ध्यानात पण आलं नाही. आणि खंडेनवमीला हत्यारांना कुंकू लावताना यांना पण लावलं. कॉलेजचं यंत्र झालं तरी हत्यारच. जे अंग वर होतं त्याला लावलं. एकाचं बरोबर लागलं, दुसऱ्याचं उलटं. आणि आज मॅडमांनी विचारलं, लाल टिंब वर आहे ना. मी माझंच कुंकू बघून सांगितलं, वर आहे.

मी अंगठा पायजम्याला पुसला.

“भैरू,” अब्बास हळूच म्हणाला, “तुझा हात का कापालाय?”

मी मॅडमांच्या तोंडाकडं बघितलं. सांगावं का? आत्ता सांगावं? तोंड उघडलं पण होतं.

“मेस्त्री,” मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडं बघू नका. पाचरीकडं बघा.”

“मॅडम, मी...”

“पाचरीकडं. नुसती पाचर. लाकूड आहे ते. तुम्हाला लाकूड कळतं. मारा.”

मी पाचरीकडं बघितलं. शिसवाचं लाकूड, आबांच्या हातानं काळं झालेलं. मारली.

टक्.

“तू.”

टक्.

“मी.” टक्. “तू.” टक्.

दारातनं घाटगे सरांचा आवाज आला, “उघडतंय का?”

“सर, गप्प बसा हो जरा!” मीच म्हणालो हे. हेडला. सर गप्प बसले.

पाचर केसाएवढी खाली जायची. मग दुसरी केसाएवढी. मधी थांबून मी बघायचो, दोन्ही सारख्या गेल्यात का. अब्बासची जरा जास्त गेली, की मॅडमांच्या नाकपुड्या फुगायच्या, आणि मी माझ्या बाजूला दोन जास्त द्यायचो. मॅडम उजव्या हातानं टेबलाची कड धरून होत्या आणि ओठ हलत होते. आकडे मोजत होत्या, का देवाचं नाव घेत होत्या, कोण जाणे. मी विचारलं नाही कधी.

मधीच कडकन आवाज झाला. आबांच्या पाचरीला उभी चीर गेली. आम्ही दोघं थिजलो. चीर वरच्या अंगाला थांबली. खालचं लाकूड तग धरून होतं.

“थांबू का?” अब्बासनं विचारलं.

“थांबलास तर मारीन तुला. तू.”

टक्.

दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, “हलतंय. मधलं हलतंय.”

“ओढायचं न्हाई, मॅडम.” माझ्या तोंडातनं आपोआप आलं. “आणखी चार ठोके. मगच.”

चार दिले. मग मी मोगरी ठेवली, साबणाचं पाणी बोटांवर सोडलं, आणि मॅडमांचं मनगट धरलं. लग्नात मुलीचा हात धरतात तसं हळू. वर उचललं. बोटं आली. दोन्ही आली. चपटी, पांढरी, मधल्याचं नख उलटं. आणि मग रक्त आलं, धार लागली. रक्त बघून माणसाला बरं वाटतं, हे मी आयुष्यात त्या एकदाच अनुभवलं.

अब्बासनं डोक्याचा रुमाल सोडून गुंडाळला. मॅडम उभ्या राहिल्या, दोन पावलं चालल्या आणि गुडघ्यात वाकल्या. त्यानं त्यांना उचललं, जिन्यावरनं खाली नेलं. घाटगे सरांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर मॅडमांचा हात वर धरून बसलो. रस्ताभर मॅडम एकच वाक्य बोलल्या. “लॅबला कुलूप लावलं का?”

“लावलं,” मी म्हणलं. लावलं नव्हतं.

दवाखान्यात दिवसभर त्या आतच होत्या. मी बाहेर बाकावर. संध्याकाळी डॉक्टर आले. मधल्या बोटाचं हाड मोडलंय, पण बोट राहील. दुसऱ्याचं वरचं पेर काढावं लागलं.

घाटगे सर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. “भैरू, पेरावर भागलं रे. डॉक्टर म्हणतात, आणखी अर्धा तास गेला असता तर दोन्ही बोटं मुळापासनं. तू वाचवलंस. कॉलेजतर्फे तुझा सत्कार करू. शाल, श्रीफळ. प्राचार्यांशी बोललोय मी.”

“सर, नको.”

“नको कसं? लाजू नकोस.”

लाज मला खूप होती, पण सर म्हणत होते ती नव्हे. माझ्या पायजम्यावर लाल डाग होता. लोक रक्ताचा समजत होते. नर्सनं तर दोनदा विचारलं, “काका, तुम्हाला लागलंय का?” मी नाही म्हणून मान हलवली.

सर घरी गेले. मी नर्सला सांगितलं, पाच मिनिटं भेटतो. आत गेलो. मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. हात पांढऱ्या गोळ्यात गुंडाळलेला, स्टँडला टांगलेला. त्यांच्या आई चहा आणायला खाली गेल्या होत्या.

मी खुर्चीवर बसलो नाही. उभा राहिलो.

“मॅडम, ते टिंब नव्हतं. माझं कुंकू होतं. थिनरनं पुसताना तुमचं टिंब गेलं आणि मला कळलं नाही. खंडेनवमीला मी त्यांना कुंकू लावलं. आज तेच बघून तुम्हाला सांगितलं.”

एका दमात बोललो. मग जमिनीकडं बघत राहिलो.

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं.

“तुम्ही अंगठा पायजम्याला पुसलात, तेव्हा मी बघितलं. नेलपॉलिश पुसत नाही मेस्त्री. तेव्हाच कळलं मला सगळं.”

“तेव्हा?” मला खरंच समजत नव्हतं. “बोटं आत असताना? मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तुमचा हात आणखी कापला असता.” त्या खिडकीकडं बघत होत्या. “आधीच कापत होता. आणि माझी दोन बोटं त्या हाताखाली होती. तिथं दुसरा सुतार कुणी नव्हता. मला तुमचा हात शाबूत पाहिजे होता.”

मी म्हणालो, “मॅडम...”

“थांबा. माझं संपलं नाही. मी पण चुकले. बसवायच्या आधी होकायंत्र लावून बाजू बघायची, हा माझा स्वतःचा नियम आहे. सुट्टी आहे, घाई आहे, म्हणून मी तुम्हाला विचारून मोकळी झाले. ते मी लिहून देणार आहे. तुमचं तुम्ही सांगायचं. उद्या, घाटगे सरांना. सर मघाशी मला सांगून गेले, तो शालीचा कार्यक्रम व्हायच्या आधी.”

“आजच सांगतो. त्यांच्या घरी जाऊन.”

“छान. आणि आता,” मॅडम माझ्याकडं वळल्या आणि त्यांचे डोळे असे झाले, की तसे मी चार वर्षांत बघितले नव्हते, “आता ऐका. सकाळपासनं दाबून ठेवलंय मी.”

आणि बाई सुरू झाल्या. काय सांगू तुम्हाला. थिनर कुणी सांगितलं होतं, कणकेनं साफ होत होतं तर थिनर कशाला! टिंब पुसलं गेलं ते दिसत नाही, डोळे आहेत का बटणं आहेत! देव करायचे तर घरचे करा, माझ्या चुंबकांना कशाला नटवता! माझं पेर गेलं, मेस्त्री, माझं बोट गेलं, कळतंय का तुम्हाला! बोलताना त्या रडत होत्या, रडताना बोलत होत्या, आणि आवाज पार व्हरांड्यात जात होता. नर्स धावत आली. “काका, बाहेर व्हा. पेशंटला त्रास होतोय.”

“बाहेर नका काढू त्यांना!” मॅडम नर्सवर ओरडल्या. “अजून माझं झालं नाही!”

नर्स माझ्याकडं बघायला लागली. मी तिला हातानं सांगितलं, असू दे, बोलू दे.

मॅडम बोलत राहिल्या. मी खाली मान घालून उभा होतो. मधी त्यांना धाप लागली, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास तेवढा पुढं करत होतो. त्या दोन घोट घ्यायच्या, ग्लास माझ्या हातात द्यायच्या, आणि परत सुरू व्हायच्या.